निंदणी

मार्चअखेर. निंदणीकरण सुरू आहे
गोखलेनगरच्या ऑफिसात, तळमजल्यावर.
अ कायम ठेवायचं, ब तीस वर्षं,
क आणि ड, रद्दीवाला शुक्रवारी येतो.
नाकाला ओढणी बांधून गठ्ठे सोडते.
लाल फडकं तळहातांना रंग सोडतं.

सतरा नंबरात शिकारीचे परवाने.
सोवळ्या काकूच्या फडताळात
अंड्याची टरफलं सापडावीत, तशी दचकले.
होते म्हणे तेव्हा. जंगलाचे ब्लॉक पाडलेले.
फी भरा, पावती घ्या,
सांबर एक, शिंगं ठरल्या मापाची,
डुकरं कितीही,
मादी नको, रात्री बत्ती नको.

दामोदर हरी शिंत्रे. रास्ता पेठ.
धंदा घड्याळदुरुस्ती. बंदूक एकनळी.
ब्लॉक चार, मुळशीच्या वरचा.
चौसष्ट साली पहिला परवाना. परतपत्रकात शिकार: निरंक.
पासष्ट. निरंक.
सहासष्टला शेरा, सेकंदकाट्याएवढ्या बारीक अक्षरात:
‘पाणवठ्यावर बसलो. भेकर आले.
पाणी पिऊन गेले.’
सदुसष्ट निरंक.
अडुसष्टला गार्डाची तक्रार,
सदर इसम काडतूस आणतच नाही,
हेतू काय, चौकशी व्हावी.
चौकशी झाली. हेतू आढळला नाही.
फी मात्र दर साली वेळेवर, सुट्ट्या पैशांसकट.

मग कायदा आला.
गठ्ठा इथे संपायला हवा.
पण तळाशी अजून एक अर्ज, त्र्याहत्तरचा,
कोर्टफीचं तिकीट चिकटवलेला:
‘महोदय, बंदूक फरासखान्यात जमा केली आहे,
पावती सोबत.
तरी ब्लॉक चारमध्ये
नुसते बसण्याचा परवाना मिळावा.’
समासात हिरवी शाई:
असा नमुना उपलब्ध नाही. दप्तरदाखल.

ड लिहायला पेनचं टोपण काढलं.
खिडकीबाहेर, जप्तीच्या सागवानावर
मुंगूस चढलं.
थांबलं. इकडे बघितलं.
मीही हलले नाही.
त्याच्या शेपटीला कुसळं लागलेली,
एक कान जरा फाटका.

किती वेळ गेला कुणास ठाऊक,
भिंतीवरचं घड्याळ दिवाळीपासून सव्वाचारला बंद आहे.
वरून साहेबांचा फोन,
“कुदळेबाई, किती गठ्ठे झाले?”

“बसले होते जरा,” म्हटलं.