सुम्मने

पहाटे साडेपाचला निपाणीत
वखारींची दारं मिटलेली असतात,
तरी हवेत तंबाखू असतेच.
उजवी नाकपुडी दाबली की डावीत झिणझिणतं
आणि प्राणायामाच्या वर्गात पहिली शिंक माझी.

नीलगंगाबाई हसत नाहीत.
हुक्केरीकडच्या, कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या,
मराठी वापरतात ती मोजून, किराणा घेतल्यासारखी.
श्वास मोजा, म्हणतात.

मोजणं मला शिकवायला नको.
दिवसाला आठशे विड्या वळते मी,
पंचवीसचा कट्टा बोटांना अंधारातही कळतो.
पण चौथ्या-पाचव्या श्वासाला सत्यापा येतो,
माझा पाठचा भाऊ,
हातात तो कागद, सगळा कानडीत:
“आक्का, सही कर की, पेन्शनीचा हाय.”
आणि माझ्यातला मुकादम जागा होतो.
हा श्वास छाट. हाही छाट.
अख्खा कट्टाच परत.

सगळ्या क्लेशांचं मूळ अविद्या, बाई सांगतात.
मला वाटतं माझ्या सहीबद्दलच बोलतायत.

“राग जात नाही, बाई.”
“घालवू नका. नोडि. सुम्मने नोडि.”

सुम्मने.
घर येईस्तोवर शब्द तोंडात घोळवला.
बघा, पण उगीच बघा.
आणि मग आठवलं,
रडणाऱ्या पोराला आपण म्हणतो, उगी, उगी;
त्याचं रडणं खोटं आहे
असं थोडंच म्हणत असतो.

दुपारभर राग सुपात घेऊन बसले.
थुंकला नाही, गिळला नाही.
भिजल्या पानासारखा तो हळूहळू उलगडला.
आत सत्यापा नव्हताच.
लाज होती.
न वाचता सही केल्याची.

आज वर्ग सुटल्यावर कागद पुढे केला.
बाईंनी चष्मा लावला,
ओळ आधी त्यांच्या भाषेत, मग माझ्या.
हक्क हा शब्द दोन्हीकडे सारखाच निघाला.
बाकी सगळं सोडून दिलेलं होतं मी,
विहिरीसकट.

संध्याकाळी तो दारात: “काय करालीस, आक्का?”
राग आला.
तंबाखूसारखा, थेट नाकाच्या शेंड्यावर.
मी एक श्वास सोडला, न मोजता.
“बस. चहा ठेवते.
आणि सोमवारी कचेरीत
माझ्यासंगं यायचं तू, हा कागद घेऊन.”

आवाज कापला नाही.
चहा गाळताना हात मात्र कापले.
तेही बघितलं.