घरून फोन

मंगळवारी सकाळपासून
लोक मला फोन करून विचारतायत,
तुम्ही मला फोन का केला होता?

मी नव्हता केला.
मी व्हर्ना झ्विकर, लुनेनबर्गच्या बंदरामागची गल्ली,
वय एकोणऐंशी.
सकाळपासून बटाटे सोललेत
आणि मांजराला दोनदा हाकललंय, बस.

पण त्यांच्या पडद्यावर माझाच नंबर होता.
बेचाळीस वर्षं जुना,
एल्डननं इंजिन-दुरुस्तीच्या व्हॅनवर
स्वतःच्या हातानं रंगवलेला, चार जरा वाकडा.
कुणीतरी तो खुंटीवरच्या कोटासारखा
न विचारता काढला, अंगात घातला
आणि दारोदार फिरला.

एकीनं शिव्या दिल्या. फ्रेंचमध्ये,
त्यामुळे अर्ध्याच लागल्या.
एक जण म्हणाला, पोलिसांत जातो.
जा बाबा, म्हटलं,
माझीही एक तक्रार घेऊन जा.

दुपारी डिग्बीकडचा अल्फॉन्स कोमो.
आवाज भिजलेल्या दोरखंडासारखा जड.
बाई, मघाशी तुम्ही बँकेतून बोलत होता,
मी कार्ड शोधत होतो, तेवढ्यात फोन कटला.
आता सापडलंय.
आकडे सांगू?

नको!
इतक्या जोरात ओरडले की मांजर कपाटाखाली.
कार्ड उलटं करा, म्हटलं, चष्मा लावा,
मागे बारीक नंबर आहे, तो स्वतःच्या बोटानं दाबा.
आलेल्या फोनला काही म्हणजे काही सांगायचं नाही.

तो बराच वेळ गप्प.
मग तुमचं तरी कसं खरं मानू?

नका मानू.
हेच तर सांगतेय.

यावर तो हसला, खोकला,
तिकडे धुकं आहे का विचारलं.
होतं.

रात्री साडेनऊला
मोबाइल वाजला.
पडद्यावर नाव: घर.

मी घरातच होते.
लँडलाइन शेजारच्या स्टुलावर,
रिसीव्हर जागच्या जागी, तारेचे वेटोळे स्वस्थ.
उशीर होणार असला की एल्डन विचारायचा,
घरून, याच नंबरवरून,
किती वाजतील, सूप गरम करून ठेवू का.
तो गेल्यापासून
घरानं मला कधी फोन केला नव्हता.

माहीत होतं कोण असणार.
कोटातला तो.

सात वेळा वाजला.
उचलला नाही.

कापलाही नाही.