भाग एकशे बारा

हर्णै बंदरात लिलाव सुरू. बर्फ फोडता फोडता
चांगुणाआत्या विचारते, "तू त्या कार्टुनात
करतेस काय गो नक्की?
चित्रं दुसरेच काढतात. आवाजही दुसऱ्यांचे."

वारा लिहिते, मी म्हणते.
तिथे आपोआप काही हलत नाही, आत्या.
पदर उडाला असं लिहिलं नाही
तर नुसता लोंबत राहतो.
खेकड्यानं डोळे मिचकावले, हेही लिहायचं.
खेकडे मिचकावत नाहीत,
चॅनलला सांगून पाहिलं.

चौदा वर्षं. सहा मालिका.
एक सिनेमा, अर्ध्यावर पैसे संपलेला.
शेवटी नावं धावतात त्यात माझं कुठेतरी,
आईला अजून सापडलेलं नाही.

भाग एकशे बारात खेकड्याचा बाप
होडी घेऊन गेला तो आलाच नाही,
असं लिहिलं होतं.
फोन आला : मुलं रडतील, परत आणा.
आणला. हातात फुगा देऊन.

आत्या पाण्याकडे पाठ करून बसते,
अठ्ठ्याण्णव सालापासून.
तिनं पापलेटावरचा बर्फ सारखा केला,
हात लुगड्याला पुसले.
"कुठल्या रंगाचा?"
"काय?"
"फुगा."

रंग मी लिहिला नव्हता.