कळ

छातीत कळ आली तेव्हा मी
दोना ग्रासिंदाच्या सिंकखाली उताणा पडलो होतो,
तोंडात टॉर्च, हातात पाना,
आणि वाटलं, शिशाचा जुना नळ
सुटून अंगावर आलाय.
नळ जागच्या जागीच होता.

पोर्तोच्या या उतरत्या गल्ल्यांत
चाळीस वर्षं नळ दुरुस्त करतोय.
कुठल्या भिंतीत काय वाहतं,
कान लावला की कळतं.
आणि इस्पितळातली डॉक्टरीण,
माझ्या पहिल्या गोळीनंतर जन्मलेली पोर,
मला कागदावर पाइप काढून दाखवायला लागली.
असा गाळ साचतो, सेन्योर आर्मिंदु.
म्हटलं, बाई, गाळ मला नका शिकवू.

हसली. मग पेन खाली ठेवून खरं ते बोलली:
नुसता गाळ नाही हो, भिंतच सुजते.
विषाणू झोपलाय, मोजायला गेलं तर सापडत नाही.
पण रक्तातले पहारेकरी इतकी वर्षं जागेच आहेत,
चोर निपचित पडला तरी काठ्या आपटत फिरतात,
आपल्याच घराचा गिलावा काढतात.
त्यात तुमची सिगारेट.

सिगारेटचं मी काही बोललो नाही.

चौऱ्याण्णवमध्ये वाल्देमार गेला.
अडतीस किलो.
न्हाऊ घालायला उचलायचो तेव्हा
त्याचं काळीज माझ्या तळव्याला लागायचं,
बरगड्यांच्या लगेच आत, धडधडत, शाबूत.
डोळे गेले, आतडी गेली, शेवटी शेवटी माझं नाव गेलं,
काळीज तेवढं ठणठणीत.
जिन्यात एकही दार उघडलं नाही.
आम्ही उतरलो की ग्रासिंदा
ब्लीचने कठडा पुसायची,
आम्हाला दिसेल अशा बेताने.

तेव्हा मी बत्तीस वर्षांचा.
दाढ दुखत होती, ती भरून घेतली नाही.
हिवाळ्याचा कोट विकला.
पुढचा हिवाळा कुणासाठी यायचा होता?

आला. मग दरवर्षी येतच राहिला,
कोट नसलेल्या माणसाकडे.

आता काळजात दोन जाळ्या बसवून घरी आलो
तर दारात पातेलं.
कोबीचं सूप, वर सॉसेजची एकच चकती.
तिसऱ्या मजल्यावरून मक्याचा पाव.
झुल्मिराच्या नवऱ्याने तर जिन्यातच शर्टाची बटणं सोडली,
आपली छातीवरची शिवण दाखवली,
हात लावून बघ म्हणाला.
हृदयाचं दुखणं सगळ्यांना चालतं.
ते मोठ्याने सांगता येतं,
त्यात वर्षं आणि डॉक्टर मोजून
एकमेकांवर कुरघोडी करता येते.
मलाही मजा आली, खोटं कशाला बोलू.
तीस वर्षांत पहिल्यांदा
मी जिन्यात आजारी होतो.

ग्रासिंदा आता ऐंशीच्या पुढे.
मीठ कमी घातलंय, म्हणाली,
आणि उभीच राहिली, कठड्याला धरून,
त्याच कठड्याला.
तिला आठवतंय की नाही, मला कळलं नाही.
विचारलं असतं तर कदाचित कळलं असतं.
सूप निवत होतं.

प्यालो. चांगलं होतं.
राग त्याचाच आला.

रात्री टेबलावर गोळ्या मांडतो.
जुनी एक, तिची सवय मोडलेल्या दातासारखी.
नव्या पाच: रक्त पातळ करायची,
कोलेस्टेरॉलची, बाकीच्यांची नावं अजून पाठ नाहीत.
वाल्देमार, ऐकतोस का,
मला म्हाताऱ्यांचा आजार झालाय.
तू असतास तर पोट धरून हसला असतास,
मग हळूच विचारलं असतंस,
फार दुखलं का रे?

हो. पण ती कळ
नुसती माझी होती,
तिच्यात कुणी मरत नव्हतं.

सोमवारपासून जिने चढायची परवानगी आहे, सावकाश.
ग्रासिंदाचा नळ अजून ठिबकतोय, मला इथवर ऐकू येतं.
पाना तिच्याच सिंकखाली राहिलाय.
तिने उचलून ठेवला असेल.
पुसला असेल का, आणि कशाने,
हे बघायला तरी जावं लागेल.