काळ्यावर काळं

गळीत सुरू झालं की बावड्यात
पहाटे आभाळातून भुसकट गळतं,
जळक्या चिपाडाचं, वजन नसलेलं.
दोरीवरच्या पांढऱ्या शर्टांवर ते लगेच सापडतं.
माझ्या टाकीवर मात्र
काळ्यावर काळं
बेमालूम बसून राहतं,
बोट फिरवलं तरच कुरकुरतं.

कोरडं पुसायचं नाही.
हे दौलू पेंटरनं शिकवलं, उद्यमनगरात,
तोंडात मावा धरून, त्यामुळं थोडक्यात:
"आधी पाणी. मग फडकं.
आणि हात गोल न्हाई फिरवायचा, भावा.
गोल फिरवणाऱ्याच्या गाडीवर कोळी जाळं विणतोय."

खरंच विणतो. उन्हात धरून बघा.
लाल गाडी सांभाळून घेते,
पांढरी तर सरळ कानाडोळा करते.
काळी सगळं लक्षात ठेवते:
किल्ल्यांचा जुडगा, रेनकोटची चेन,
बोअरच्या पाण्याचे वाळलेले टिकले,
पंपावरच्या पोराची घाई.

म्हणून रविवारी सहाला, ऊन चढायच्या आत,
दोन बादल्या.
एक साबणाची, एक नुसती फडकं खळबळायला.
बायको म्हणते, मला अंघोळीला एक पुरते.
मग मेण, हरभऱ्याएवढं.
लांब, सरळ, हँडलकडून सीटकडे,
वारा जातो त्या वाटेनं.
मग थांबायचं. हे थांबणंच अवघड.
मेण धुक्यासारखं पांढरट वाळतं,
मऊ फडक्यानं ते उचललं
की आतून एकदम वर येतात
विजेची तार, तारेवरचा कावळा,
पत्र्याची कड,
आणि माझं नाक, जरा जास्तच मोठं.

परवा सलग चार दिवस डबल शिफ्ट पडली.
गाडी जिन्याखाली तशीच.
मुल्लाणींची सबा, इयत्ता तिसरी,
शिकवणीहून येताना तिला पाटी सापडली.
टाकीवर, बोटानं, ठळक:

७ × ८ = ५४

पुसलं. नव्हे, आधी धुतलं, मग पुसलं, मग मेण.
चार वाजता ऊन तिरपं झालं
तर आकडे जागेवर,
बरोबरचं चिन्ह जरा वाकडं, तेही जागेवर.
चिपाडाची राख आणि आठ वर्षांचं बोट,
दोन्ही मिळून शंभर नंबरचा पॉलिश पेपर.

दौलूनं मान कलती करून बघितलं.
"निघंल. कंपाऊंड मारूया.
पर वरची कातडी जाणार बघ थोडी.
चकाकी काय डबीतनं येत न्हाई,
हाय त्यातलंच खरवडून काढायची असतीया."

मी दिवसभर लेथवर मायक्रोमीटर धरणारा माणूस.
हा वरचा थर केसाइतकाही जाड नाही, मला ठाऊक होतं.
नवी घेतली तेव्हा मीच दोनदा
हौसेनं मशीन फिरवून घेतलं होतं,
कुठं काही नसताना.
त्याच्या दुकानात उभ्याउभ्या मनात भागाकार केला:
उरलेला थर, भागिले माझी हौस.
उत्तर आलं ते बोललो नाही.

"ऱ्हाऊ दे," म्हटलं.
दौलू बाजूला थुंकला. धंदा बुडाला तरी खूश दिसला.

संध्याकाळी सबा फाटकाआड,
एक डोळा आणि अर्धी वेणी तेवढी बाहेर.
म्हटलं, ये इकडं. सात आठे किती?
ती भिंतीकडं बघून सातापासून निघाली,
सात चोकला अडखळली, सात सकला श्वास घेतला,
"छप्पन्न."
मग इथं काय लिहिलंयस?
तिनं वाकून वाचलं. चेहरा पडला.
"चुकलंय, काका. पुसा की."
पुसत नाही गं ते.
ती विचारात पडली. मग तोडगा सापडल्यासारखं
बोट वर करून म्हणाली,
"मग खाली बरोबर लिहू?"

दोन्ही हात पसरून मी टाकी झाकली.
साखर कारखान्याकडून वारा होता,
मनगटांवर, नखांवर
भुसकट येऊन पडत होतं
आणि तिथं ते
स्पष्ट दिसत होतं.