पातळ

मे महिन्यात दारव्ह्याकडे
रेझिन वाटीतच गोठतं.
म्हणून आम्ही पहाटे साडेतीनला उठतो,
कोठ्यातला बल्ब लावतो,
आणि आई, जिनं जन्मात गाडीचं दार धड लावलं नाही,
हार्डनरचे थेंब मोजते
होमिओपॅथीच्या गोळ्यांवर टाकावेत तसे,
ओठ हलवत.

गाडी दोन सीटांची. बुटकी.
सांगाडा हेरल्डचा, वरचं कवच फायबरचं.
मुंबईच्या कोण्या हौशी माणसानं अर्धवट सोडलेला संच,
चार लाकडी पेट्या, कागद एकही नाही.
एक्क्याऐंशी साली बाबा आणि हनीफ मिस्त्री
जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये
तुटलेलं जोडत, नसलेलं घडवत बसले.
गाव तिला बेडकी म्हणतं.
तीन वर्षं पळाली. मग गिअरबॉक्स गेला,
आणि कुटाराखाली बसली ती बसलीच.
कोंबड्यांच्या किती पिढ्या तिच्यात निघाल्या,
हिशेब नाही.

घासायचं काम माझं आणि अंशुलचं.
ऐंशी नंबर, एकशेवीस, मग पाण्याचा कागद.
काचेची धूळ कातडीत शिरते
खाजकुइलीत लोळल्यासारखी.
आई खोबरेल लावून देते, वरून म्हणते,
"बेडकी पाळली बापानं, खाज पोरीले."
बाबा हसत नाहीत. त्यांना ऐकू कमी येतं,
म्हणजे हवं तेव्हा.

लाल गेला. खाली करडा. त्याखाली
मधासारखा पिवळट थर.
डाव्या चाकावरच्या फुगवट्याशी अंशुल थांबला.
"आत्या, इथं वेगळंच काहीतरी लागतंय."
मी म्हटलं, पातळ असेल तिथं, हात हलका ठेव.
आईनं टॉर्च धरला.
"पातळच हाय," ती म्हणाली.
"वच्छलाचं."

काचेच्या आत अडकलेला हिरवा काठ,
त्यावर रुईफुलं, एक न एक मोजता येईल अशी.

त्या दिवाळीला वच्छलाआत्याचं नवं पातळ
दोरीवरून गेलं.
घरात नवं माणूस एकच होतं.
कोणी काही बोललं नाही; बोलले असते तर बरं होतं.
आई पाण्याला गेली तेव्हा तिची पेटी उघडली
आणि घड्या होत्या तशा घातल्या नाहीत.
तेव्हापासून आजवर
आत्या आमच्याकडे मुक्कामाला आली
की आपली पिशवी उशाखाली घेऊन झोपते.

बाबांना सगळं ऐकू आलं होतं.
पुसून झालेला पान्हा पुसत होते.
"मॅट सरली होती," म्हणाले.
"रेझिन कालवून झालतं. हनीफ म्हणे, कापड आण,
आत्ताच्या आत्ता."
मग बऱ्याच वेळानं,
"सांगणार होतो मी."

आई बोलली नाही.
तिच्या हातातली वाटी तापत गेली,
रेझिन आधी काकवी, मग खवा, मग दगड.
ब्रश त्यात उभाच राहिला.
ती वाटी तिनं बाबांसमोर ठेवली
आणि आत गेली.
चहा दोनच कप आला,
माझा आणि अंशुलचा.

मंगळवारी आत्या आली, कारंज्याच्या एसटीनं,
गुडघे धरत.
नाक टेकेल इतकं वाकून पाहिलं, नखानं खरवडलं.
"रंग पक्का निंगाला पाह्य," म्हणाली,
"मी तवाच म्हनत होती दुकानदाराले."
आईकडे पाहिलं नाही.
पण रात्री मी पाणी प्यायला उठले,
तर पिशवी खुंटीला होती.

बाबांना गाडी सगळीच लाल हवी होती.
आई म्हणाली, "तेवढं दिसू द्या."
म्हणून डाव्या चाकावर हातभर जागा
नुसत्या लॅकरची आहे.
बाबा तिथं फडकं मारत नाहीत,
तिथं आई मारते.

डिस्ट्रिब्युटरची कॅप राजकोटहून यायची आहे,
येतेच आहे म्हणतात.
गाडी अजून फुरफुरलीही नाही.
एक तांबडी कोंबडी मात्र
दिवस बुडता येते, बंद काचेशी मान तिरकी करून
उभी राहते जरा वेळ,
आणि निघून जाते कुटाराकडे.