नमुना क्रमांक तेवीस

दहा ते दोन, याच वेळेत घ्यायचा नमुना,
नेइन्दो सर म्हणाले,
आणि सत्तेचाळीस जणांना एकेक प्लास्टिकचा पेला वाटला.
मागच्या बाकांवर खसखस पिकली.
नाव लिहायचं नाही, फक्त आकडा.
ज्याचा आकडा त्याच्यापाशी.

बाहेर हर्मटानची धूळ,
तामालेतल्या साऱ्या खिडक्या ताक सांडल्यासारख्या पांढुरक्या.
प्रयोगशाळेत वीज होती,
म्हणजे दिवस बरा होता.

दहा मिलिलीटर. सिरिंज. नखाएवढी गाळणी.
अंगठ्याने हळू दाबायचं, घाई केली तर फाटते.
मग काच, आयोडिनचा थेंब,
आणि एक डोळा मिटून
(दोन्ही उघडे ठेवायला मी अजून शिकले नाही)
खाली उतरायचं.

आधी काहीच नसतं. कचरा, धागे,
आपल्याच पापणीची सावली.
मग ते दिसलं,
भाताच्या तुसासारखं लांबट,
एका टोकाला काटा.
खरं सांगते, सुंदर होतं,
पुस्तकातल्या चित्राहून रेखीव.
मी मोजत गेले. एक, दोन, सात, अकरा.
शेजारून मेमुनातूने विचारलं, "काही आहे?"
म्हटलं, "बुडबुडे."

तेवीस माझा आकडा होता.

धरणात मी कधी पोहले नाही.
पोहायचे माझे भाऊ.
थोरल्याच्या लघवीत लाल दिसलं तेव्हा काका हसले होते,
पोरगा वयात आला म्हणून.
त्या दिवशी घरात गिनी-कोंबडी शिजली.
नंतर सर्वेक्षणवाले आले, त्यांच्या कागदावरही
मुलगा पोहतो का, एवढाच प्रश्न.
मी नुसती गुडघाभर पाण्यात उभी असायचे,
धुणं, भांडी, धाकट्याचं अंग,
मग घमेलं भरून डोक्यावर.
ते काही पोहणं नव्हे.

दुपारच्या तासाला फळ्यावर गणित.
सकाळी छेद म्हणजे ऊतीचा पातळ काप होता,
आता छेद म्हणजे अख्खा वर्ग.
छेदात सत्तेचाळीस, अंशात चार.
सरांनी मधली रेघ ओढली.
अंशात बसून फळ्याकडे बघणं वेगळं असतं.
ती रेघ पायाखाली येते
आणि गार लागते.

"या चौघांना काय सांगाल?"
"पाण्यात उतरू नका," पहिल्या बाकावरून नापारी.
त्याच्या घरी नळ आहे, वडिलांचं सिमेंटचं दुकान आहे.
उत्तर चूक नव्हतं, गुण मिळाले असते.
माझा हात वर गेला.
"आधी विचारीन, कशासाठी उतरता."
सर थांबले. खडू शर्टाच्या खिशात टाकला,
खिसा पांढरा झाला.

गोळ्यांची चार पाकिटं टेबलावर होती, वर आकडे.
सगळे गेल्यावर मी आत गेले
तर तिथे तीनच.
जिन्यात नापारी भेटला.
आम्ही एकमेकांच्या मुठींकडे बघितलं नाही.
"आजीचं गाव नदीकाठी," तो भिंतीला सांगावं तसं म्हणाला
आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

रात्री आईला फोन केला. तिने सगळं ऐकलं, मग म्हणाली,
बरं, आणि धुणं कुठे धुवायचं?
तो प्रश्न आम्हाला
तिसऱ्या वर्षाला आहे.

फेब्रुवारीत उंची मोजायची काठी घेऊन
शाळांमधून हिंडलो.
उंचीवर गोळ्या ठरतात: दोन, अडीच, तीन.
तियुम्बा नावाची एक पोर काठीला पाठ लावून उभी राहिली
आणि हळूच चवड्यांवर उंच झाली,
तिची मैत्रीण तीनच्या रांगेत होती म्हणून.
मी वाकले.
"टाच टेक," म्हटलं. "टेक गं."
टाचेला भेगा,
भेगांत धरणाचा चिखल,
अजून ओला.